दगडूला दगडूच म्हना

आमच्या चाळीतली गंगूआत्या रोज सकाळी मशेरी लावत दारात बसती आन् जानाऱ्या पोराला अडवून इचारती, "आज तू कोन रं?" पोरगं जे म्हनंल ते दिवसभर खरं!

शेजारची सुमी म्हनली, "मी इंजान." तर ही म्हातारी दिसंल तिथं तिला वाट देत बाजूला सरायची, आन् सांजच्याला सुमीच्या आयला म्हनती, "पानी पाज गं तिला, लई लांबनं आलंय." पलीकडचा बबन म्हनला, "मी म्हस." लागलीच त्याच्या म्होरं बादली! प्याला की तो तोंड घालून. त्याचा बाप दापोडीहून काम करून दमून आलेला, त्यानं हात उगारला तर म्हातारी आडवी, "मारू नगंस, गाभन हाय!"

चाळ हसून लोळली. मी न्हाई हसले. मला नुस्ता राग येतो, आन् भ्या वाटतं, दोनी एकदमच, मग मला धड बोलताबी येत न्हाई.

माझी दोन गेली. चंद्रकांत आन् शालन. हौसेनं नावं ठेवली, दिष्ट लागली. म्हनून तिसरा झाला तवा सासूनं त्याला उकिरड्यावर लोळवला, नाक टोचलं आन् नाव ठेवलं दगडू. दगड कोन उचलून नेतंय?

आन् परवा मी चुलीम्होरं, तर भाईर हाळी, "राजे! अवो सोन्यासारखे राजे! या, भाकर खाऊन जावा!" बघते तर आत्याच्या उंबऱ्यात माझा दगडू, डोक्याला माझं फडकं गुंडाळून! आभाळापातूर ऐकू गेलं असंल की वो! आन् दुपारी पोराचं अंग तापलं.

मी गेले तशीच, पदर खोचून, अहोजाहो बी इसरले. "म्हातारे, तुला पोटचं असतं म्हंजी कळलं असतं! दगडू म्हनायचं त्याला! म्हन, दगडू!"

एका शब्दाला चार शब्द देनारी बाई, हळूच म्हनली, "व्हता की. धोंडू. त्याचंबी नाक टोचलं व्हतं. पटकीत पडला तवा म्हनला, आये, एकदा तरी चांगल्या नावानं हाक मार. मी भ्याले गं पोरी. धोंड्याच म्हनले."

मी खोचलेला पदर सोडला.

"दगडूच म्हनंन," ती म्हनली. "जा, पोरापाशी बस."

ताप निघाला कच्च्या चिंचांचा. रातीत उतरला बी. सकाळी पोरगं उठलं ते पळालं आत्याच्या दारात.

"दगडू, बरं हाय का?" आत्या म्हनली. बास, तेवढंच.

ह्यो तिथंच हुबा. "मला इचार की, आज कोन ते."

आत्यानं माझ्याकडं बघितलं आन् मशेरीचं बोट तोंडातच ठेवलं. पोराचा व्हट थरथराया लागला.

आसा संताप आला मला! "इचारा की आता! तोंडात काय धरून बसलाय? रोज गावाला वरडून इचारता, आन् माझंच पोर तेवढं रडवायचं व्हय?" मग जीव ऱ्हाईना, जवळ जाऊन म्हनले, "पन हळू इचारा."

आत्या वाकली, त्याच्या कानात बोलली. तो तिच्या कानात बोलला. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला आन् त्याला पोटाशी धरलं.

काय म्हनला, ते दोघंबी मला अजून सांगत न्हाईत. मी आय हाय त्याची! राग येनार न्हाई व्हय?