नवरीच्या गाडीचा पुढचा डावा टायर

माझ्या हाताखाली आजवर एकही टायर अकाली गेलेला नाही! बावीस वर्षं गाडी चालवतोय. लोक टायर बदलतात, मी टायर टिकवतो. त्यामुळे ओग्न्येनच्या लग्नाच्या सकाळी गावचा टायरवाला वेलिबोर माझ्या पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवा बसला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला त्याचा रागच आला. टोपी माणूस गेल्यावर काढतात.

"तिहोमीर, हा संपला," तो म्हणाला.

"पंक्चर काढ आणि गप्प बस."

"पंक्चर असतं तर काढलं असतं. बाजूला काप गेलाय, आणि हा बघ फुगा आलाय. बाजूला ठिगळ टिकत नाही. पुढचे दोन्ही बदल."

"एक संपला म्हणतोस, मग दोन्ही कशाला?"

"दुसऱ्याला टक्कल पडलंय म्हणून."

"टक्कल तर मलाही पडलंय. मलाही बदलायचं का?"

"ते देसान्कावहिनींना विचार."

माझी बायको देसान्का गाडीला रिबिनी बांधत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "तुझं नंतर बघू. टायर आत्ता बदल. नवरी बसायची आहे या गाडीत."

त्या दिवशी मी ओग्न्येनचा कूम होतो. आमच्या सर्बियात कूम म्हणजे नवरदेवाचा मानलेला भाऊ आणि लग्नाचा साक्षीदार. तो हजर नसेल तर पाद्रीबाबा पुस्तकच उघडत नाहीत. नवरीला घेऊन चर्चला जाण्याचा मान माझ्याच गाडीचा होता. असल्या दिवशी टायरवाल्याचं ऐकून वाकायचं? मी दोघांनाही ठणकावून सांगितलं की माझा टायर, मी बघतो.

आणि बघितलंच! कापावर काळी पट्टी चिकटवली. तिच्यावर बुटाचं पॉलिश मारलं. फुगा तेवढा वेगळा दिसत होता, म्हणून पेट्रोल पंपावर जाऊन इतकी हवा भरली की अख्खा टायरच फुगा झाला. स्टेपनीचा प्रश्न नव्हता, कारण स्टेपनीत देसान्काने गेल्या वर्षीच फुलझाडं लावली होती.

साडेअकराला आमचं वऱ्हाड वाजतगाजत नवरीच्या अंगणात पोचलं. नवरी तेओदोरा घरात, दाराआड. दारात खुर्ची टाकून तिचे वडील क्रस्मानकाका. अंगणातल्या उंच झाडाच्या शेंड्याला एक लालबुंद सफरचंद टांगलेलं. नवरदेवाने बंदुकीने ते पाडायचं, मगच नवरी बाहेर येणार. रीतच आहे. बाकीचे सासरे पाच-सहा गोळ्या झाल्या की हसून सोडून देतात. क्रस्मानकाकांनी लग्नाला होकार द्यायलाच तीन वर्षं घेतली होती.

ओग्न्येन दातांचा डॉक्टर. भल्याभल्यांच्या दाढा काढताना त्याचा हात हलत नाही, पण सासरा बघायला लागला की बंदूक नाचायला लागते. पहिली गोळी ढगात गेली. चौथी धुराड्याला लागली. आठवीनंतर शेजाऱ्यांनी कोंबड्या आत घेतल्या. एवढं होऊनही सफरचंद आपलं वर मजेत डोलत होतं.

"काका, पाद्रीबाबा एकपर्यंतच थांबणार आहेत," मी हळूच म्हणालो. "मग त्यांना पलीकडच्या गावात बारशाला जायचंय. आज चुकलं तर उद्यापासून दीड महिना चर्चचा उपास आहे, त्यात लग्न लागत नाही."

"मग त्याला नीट नेम धरायला सांग. मी पाडलं होतं, माझ्या बापाने पाडलं होतं."

घड्याळात साडेबारा झाले. अकरा गोळ्या संपल्या होत्या. दाराआडून तेओदोराचे हुंदके ऐकू यायला लागले. बिचाऱ्या ओग्न्येनने कपाळ पुसलं आणि बाराव्यांदा बंदूक उचलली. बॅंडमधला सगळ्यात जाडा माणूस एवढा वेळ उन्हात उभा राहून दमला होता. तो आपला भलामोठा भोंगा घेऊन माझ्या गाडीच्या बॉनेटवर, बरोबर पुढच्या डाव्या चाकावरच्या कोपऱ्याला टेकला.

धडाम!

ओग्न्येनचं बोट अजून चापालाही लागलं नव्हतं. तो बंदुकीकडे बघत राहिला. सगळे झाडाकडे बघत राहिले. सफरचंद होतं तिथेच होतं. आणि खुर्चीवरून क्रस्मानकाका उठले आणि म्हणाले, "पडलं. पोरीला बाहेर आणा."

म्हातारा चष्मा लावत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यामुळे कुणी ब्र काढला नाही. बॅंडने दणक्यात सुरुवात केली. मी गाडीकडे पाहिलं. गाडी डावीकडे बसली होती. वेलिबोर गर्दीतून माझ्याकडे बघत होता. टायर फुटल्याचा आवाज तो झोपेतही ओळखतो. मी डोळ्यांनीच त्याला विनवलं, आज बोलू नकोस.

टायर फुटलाय हे म्हाताऱ्याला कळलं असतं तर सफरचंदाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती. मी तसाच निघालो! शेजारी देसान्का, मागे नवरी आणि तिची बहीण, खाली खडखडाट. खिडकीतून हात काढून मी बॅंडवाल्यांना खुणावलं, अजून जोरात वाजवा. वऱ्हाड आलेल्या वाटेने परत जात नाही, म्हणून लांबचा रानातला रस्ता धरला.

"हा कसला आवाज?" तेओदोराने विचारलं.

"ढोल आहे तो," मी म्हणालो.

"ढोल मागे आहे. हे खालून वाजतंय," देसान्का म्हणाली.

पहिल्याच वळणापलीकडे वेलिबोरने गाडी आडवी घालून मला थांबवलं. त्याने जॅक लावला आणि आपल्या डिकीतून रिमवर चढवलेले दोन कोरे टायर काढले. देसान्काने सकाळीच सांगून ठेवले होते. पाच मिनिटांत एक चाक चढलं, दुसरं चढत होतं, तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. आतून क्रस्मानकाका उतरले.

म्हातारा काढून ठेवलेल्या रिमला लटकलेल्या रबराच्या चिंध्यांपाशी वाकला.

"काका, त्याचं काय झालं..." मी सुरुवात केली.

"बंदूक कशी वाजते आणि टायर कसा फुटतो, हे मला कळत नाही असं वाटलं तुला?" ते पुटपुटले. "आत पोर रडत होती. अकरा गोळ्यांपर्यंत ताणून मग माघार घेतली असती तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. कशाचा तरी बार व्हायलाच हवा होता. उपकार झाले तुझे."

मी जो काय फुगलो! सरळ देसान्काकडे वळलो. "ऐकलंस? सकाळी तुमचं ऐकून टायर बदलला असता, तर आज लग्न लागलं असतं का?"

"खरंच आहे," क्रस्मानकाका म्हणाले आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या धाकट्या लेकीकडे त्यांनी पाहिलं. "हिच्या लग्नालाही हीच गाडी आण. हिचा होणारा नवरा तर मास्तर आहे, त्याची गोळी झाडालासुद्धा लागायची नाही."

"कधी आहे लग्न?" मी छाती काढून विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्यात."

देसान्काने वेलिबोरकडे बघितलं. "मग मागचे दोन टायर आहेत तसेच राहू दे रे," ती म्हणाली. "तोपर्यंत तेही या फुटलेल्यासारखेच होतील."