पाया पडणारा प्रेक्षक

सौगात वाग्लेचा बेत इतका पक्का होता, की त्यात मुंगी शिरायलाही जागा नव्हती! निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं.

त्याचा पहिलाच सिनेमा, ‘बाटो बिराएको जन्ती’. वाट चुकलेली वरात भलत्याच गावात भलत्याच मांडवात जाऊन बसते आणि नवरदेव तिथल्याच पोरीच्या प्रेमात पडतो, अशी हसवाहसवीची प्रेमकथा. शुक्रवारी सकाळी काठमांडूत, चाबहिलच्या हॉलवर पहिला खेळ. हॉलचे मालक रत्नकाजी शाक्य यांनी आदल्या दिवशीच चहा पाजून बजावलं होतं, "हे बघ बाबा, पब्लिक बाहेर येऊन काय बोलतं ते मी कान देऊन ऐकणार. बरं बोललं, तर शनिवारचे तिन्ही खेळ तुझे. नाहीतर हिंदी पिक्चर रांगेत उभाच आहे!"

नेपाळात शनिवार म्हणजे आठवड्याच्या सुट्टीचा एकुलता एक दिवस. तो गेला, की सौगातची तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

आणि पब्लिक बोलतं कुठे? हॉलच्या दारात. तिथे यूट्यूबवाले माइक घेऊन डझनाने उभे असतात. माणूस अंधारातून उजेडात आला, की डोळे चोळायच्या आत तोंडापुढे माइक! "कसा वाटला?" मग संध्याकाळपर्यंत सगळ्या देशाला कळतं, कसा वाटला ते.

म्हणून सौगातने पब्लिकच घरचं आणलं! धादिङहून मायक्रोबस भरून काका, काकू, आत्या, मावश्या, मिळून एकोणतीस माणसं. सकाळी अंगणात रांगेने उभं करून त्याने तालीम घेतली.

"हॉलवर मी तुमचा कोणी नाही! पुतण्या नाही, भाचा नाही, कोणी नाही!"

"मग तू आहेस तरी कोण?" थोरल्या आत्याने विचारलं.

"दिग्दर्शक!"

"हे सांगायचं का लोकांना?"

"नाही हो आत्या, नाही! विचारलं तर एवढंच म्हणायचं, गाणी छान, गोष्ट ताजी, घरच्यांबरोबर बघावा!"

खेळ झकास झाला. नातलग नको तिथेही हसले, पण हसले. दार उघडलं आणि प्रमिशा नावाच्या चुणचुणीत पोरीने पहिला माइक काकांपुढे धरला.

"गाणी छान, गोष्ट ताजी, घरच्यांबरोबर बघावा!" काका कवायतीला उभे राहिल्यासारखे म्हणाले.

पाठोपाठ काकू. "गाणी छान, गोष्ट ताजी, घरच्यांबरोबर बघावा!"

पाठोपाठ मावशी. तेच!

"तुम्ही सगळे एकाच शाळेत होता का हो?" प्रमिशाने विचारलं आणि माइक आत्याकडे वळवला. "दिग्दर्शकाबद्दल काय सांगाल?"

"छे बाई, मी कुठली ओळखायला! पण पोर गुणी हं. न्हाऊ घालताना कधी रडलं नाही!"

सौगातने कपाळावर हात मारला. तरी अजून सगळं हाताबाहेर गेलं नव्हतं. पण तेवढ्यात समोरच्या बसमधून मामा उतरले!

होमनाथ लामिछाने, वय अडुसष्ट, डोक्यावर टोपी, काखेत सेलरोटीचं, तांदळाच्या गोड तळलेल्या कड्यांचं गाठोडं. म्हैस विणार म्हणून मायक्रोबस चुकलेली आणि त्यापायी तालीमही चुकलेली. आता आमच्या बाहुनांत, म्हणजे नेपाळी ब्राह्मणांत, मामा कितीही पिकलेला असो, भाचा दिसला की त्याच्या पायावर डोकं ठेवायचं म्हणजे ठेवायचंच. भाचा दिसावा आणि तसंच पुढे जावं, हे पाप होमनाथमामांनी जन्मात केलं नव्हतं.

"भाचेबाबू!" मामा लांबूनच ओरडले आणि निघाले.

सौगातने दोन्ही हात हलवून नको, नको केलं. मामांना वाटलं, काय विनय आहे लेकराचा! ते आणखी जोरात निघाले. सौगात पळाला. मामा पळाले!

"मंडळी," प्रमिशा मोबाइल उंचावून धावत ओरडली, "पिक्चर बघून संतापलेले एक आजोबा दिग्दर्शकाच्या मागे लागलेत!"

रत्नकाजी बाहेर आले. "बापरे! इतका वाईट आहे पिक्चर?"

मोमोच्या गाडीभोवती तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत सौगातची चप्पल तुटली आणि मामांनी त्याला गाठलं. गाठोडं खाली ठेवलं, टोपी सावरली आणि भाच्याच्या पायावर डोकं टेकलं.

प्रमिशाने मोबाइल थेट पायांपाशी नेला. "मंडळी, मारायला नाही हो... सिनेमा बघून आजोबा दिग्दर्शकाच्या पायाशी!"

सौगातची छाती फुगली. वा! हे तर आपल्यालाही सुचलं नसतं!

फुगलेली छाती दुपारी मोबाइल उघडेपर्यंत टिकली. प्रमिशाच्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, "सत्तरीचा म्हातारा तिशीतल्या पोराच्या पाया पडतोय? अहो, हे मामा आहेत!" दुसरा म्हणे, "मीही मामा आहे, वाकण्यावरूनच ओळखलं." तिसऱ्याने तर कहर केला. "काका, आत्या, मामा... ही वरातच वाट चुकून हॉलवर आलेली दिसते!"

रत्नकाजींचा फोन आला. सौगात रडकुंडीला आला. "साहुजी, चुकलं माझं. सगळे घरचेच होते."

"ते कळलं साऱ्या नेपाळला! शनिवारचे तिन्ही खेळ तुझे. तिकिटं संपली."

"म्हणजे लोकांना पिक्चर आवडला?"

"पिक्चर बघितलाय कुणी? लोकांना मामा बघायचेत!"

शनिवारी लोक आपापले मामा घेऊन आले. पायऱ्यांवर जो तो मामा भाच्यापुढे वाकत होता. सौगात खूश! लोक हसतही होते, आणि या वेळी हसणारे नातलग नव्हते. होमनाथमामांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण शुक्रवारी ते पोचले तेव्हा खेळ संपलेला होता. सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता.

ते बाहेर आले आणि पंधरा माइक पुढे झाले. रत्नकाजी सौगातच्या कानात कुजबुजले, "मामा बोलतील तसा पुढचा आठवडा!"

"मामा, खरं सांगा, कसा वाटला?"

मामांनी हात जोडले. मामा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, हे सौगातला फार उशिरा आठवलं.

"भाचेबाबूंच्या दिवसातून दहा वेळा पाया पडायला सांगा, पडतो!" टाळ्या! "पण पिक्चर पुन्हा बघायला सांगू नका. दोन तास बसवत नाही हो!"

एवढं बोलून मामांना फार वाईट वाटलं. ते वळले आणि सगळ्यांदेखत त्यांनी पुन्हा भाच्याच्या पायावर डोकं ठेवलं.

आणि पंधरा माइकांसमोर सौगातला त्यांना आशीर्वाद द्यावा लागला.