देवव्रत पेंडसे, बीफतज्ज्ञ

कोणत्याही विषयातला तज्ज्ञ त्या विषयापासून सुरक्षित अंतरावर असावा, हे प्रगत संस्थेचं पहिलं लक्षण आहे. ज्याचा विषयाशी रोजचा संबंध येतो त्याला शंका येतात, आणि शंका आल्या की काम लांबतं. दोहातल्या एका कंपनीने विश्वचषकाच्या तयारीच्या वर्षांत हे तत्त्व मनापासून पाळलं. देवव्रत पेंडसे हे त्या तत्त्वाचं सर्वांत गोड फळ.

देवव्रत मूळचा नाशिकचा, गुणवत्ता विभागातला इंजिनिअर. कंपनीकडे एका स्टेडियमच्या पार्किंगमधले बाण रंगवण्याचं काम होतं. (एकूण बाण चार हजार एकशे बारा. त्यांतले चार हजार सरळ, उरलेले वळणारे. वळणाऱ्यांसाठी वेगळा मॅनेजर होता.) जगभरातून येणाऱ्यांनी डावीकडे जायचं की उजवीकडे ही जबाबदारी काही लहान नव्हे, आणि देवव्रत ती मान खाली घालून सांभाळत होता. पण कंपनीत त्याचं नाव बाणांमुळे नव्हतं. बीफमधलं त्याला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, अशी त्याची ख्याती होती.

त्याने जन्मात कधी बीफ खाल्लं नव्हतं. अंडंसुद्धा केकमध्ये असलं आणि कुणी सांगितलं नाही तरच खायचा. मुंबईच्या विमानतळावर त्याने आईला शब्द दिला होता. तिने तो मागितला नव्हता, तरी त्याने दिला होता, आणि तो त्याला जिवापाड जपायचा होता.

घोटाळा सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात झाला. स्वागताच्या जेवणात ब्रिटिश डायरेक्टरसाहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात बीफचा तुकडा वाढला. साहेबाला नाही कसं म्हणायचं, हे काही इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत. देवव्रतने तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात सरकवला. कसा आहे, असं साहेबांनी विचारलं. नुसतं 'छान' म्हणून तो थांबला असता तर हा इतिहास घडला नसता. पण शेजारच्या टेबलावरचं एक वाक्य नुकतंच त्याच्या कानावर पडलं होतं, तेच त्याने पुढे केलं: "भाजल्यावर अजून दहा मिनिटं विसावू द्यायला हवं होतं." साहेबांनी काटा खाली ठेवला आणि त्याच्याकडे नव्या नजरेने पाहिलं.

तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक जेवणात देवव्रतची खुर्ची साहेबांच्या शेजारी असे. दोन बढत्या त्याला त्याच खुर्चीत मिळाल्या. खिशासाठी नयनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, प्लॅस्टिकचं अस्तर शिवून दिलं. रात्री इंटरनेटवर अभ्यास करून त्याने मांसाचे भाग, भाजण्याचं तापमान आणि सुरीचा कोन हे सगळं पाठ केलं. सहा वर्षांत त्याचं एकही मत चुकीचं ठरलं नाही. (तपासायला कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बाणांचंही तसंच होतं; गाड्या अजून आल्याच नव्हत्या.)

मग स्पर्धेला हजार दिवस उरल्याचा आनंद साजरा करायचं ठरलं. अल गराफातल्या साहेबांच्या व्हिलाच्या हिरवळीवर दोनशे चाळीस माणसं जेवणार, मुख्य पदार्थ हर्ब लावून भाजलेलं बीफ, चाळीस किलो, आणि सर्वाधिकारी देवव्रत पेंडसे.

देवव्रतने जे येत होतं ते केलं. रोस्टचं सेहेचाळीस पानी मेथड स्टेटमेंट, म्हणजे कामाच्या पद्धतीचा दस्तऐवज, लिहिलं. पार्सली, रोजमेरी, थाइम आणि लसूण बारीक चिरून, लोण्यात कालवून, मांसावर सहा मिलिमीटर जाडीचा थर द्यावा. थराची जाडी बारा ठिकाणी मोजावी, पैकी तीन ठिकाणी साक्षीदारासमक्ष. बावीस वर्षं रोस्ट करत आलेला एक लेबनीज शेफ होता, पण तो मंजूर यादीत नसल्याने त्याला देवव्रतच्या सहीशिवाय ओव्हनचं दार उघडायची परवानगी नव्हती. तो दर पाच मिनिटांनी 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, आटपा', म्हणे आणि त्याचीही नोंद होई. मिठाचा नमुना मंजुरीसाठी सल्लागारांकडे गेला होता. मीठ नेमकं कोणत्या समुद्राचं, अशी विचारणा तिकडून आली. उत्तर पाठवलं, पण सही आली नाही, आणि मंजुरीवाचून कोणतीही वस्तू वापरायची नाही हा देवव्रतचाच नियम होता.

कार्यक्रमाच्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, कार्यक्रमपत्रिका आली. पाचवी बाब: 'श्री. पेंडसे सर्वांसमक्ष पहिला तुकडा चाखतील व निर्णय देतील.' मंचावर, दिव्यांखाली, हातात माइक. तिथे खिसा चालणार नव्हता.

देवव्रत अल हिलालमधल्या आपल्या फ्लॅटवर आला. खाल्लं तर आईला दिलेला शब्द गेला. खरं बोललं तर खुर्ची, दोन बढत्या आणि बहुधा नोकरीही गेली. त्याला मनापासून भीती वाटत होती. नयना म्हणाली, "एक तर खा, नाहीतर खरं सांग. तिसरं काही नाहीये." तिसरं काढण्यावरच देवव्रतची सगळी कारकीर्द उभी होती, पण त्या दिवशी त्याला ते सुचेना. मुलीने, गार्गीने, मोबाइलमधून मान वर न काढता "बाबा, जस्ट टेल देम" एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मंचावर तुकडा समोर आला. देवव्रतने ताट हलकेच बाजूला सारलं आणि माइक हातात घेतला. "सर, मी हे खाऊ शकत नाही," तो म्हणाला. "मी आयुष्यात कधीच बीफ खाल्लेलं नाही."

आधी साहेब हसले. त्यांच्यानंतर जनरल मॅनेजर हसले, मग मॅनेजर, आणि हसू हुद्द्याच्या क्रमाने शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं. इतका बारीक विनोद आपल्याकडे क्वचित ऐकायला मिळतो, असं सगळ्यांचं मत पडलं. पण देवव्रत परत येऊन बसला तरी त्याने ताटाला हात लावला नाही. साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. पेंडसे खात नाही म्हणजे रोस्टमध्ये काहीतरी खटकलंय, आणि यजमानाचा मान राखायला तो विनोदाआड लपतोय. साहेबांनी काटा खाली ठेवला. दोनशे चाळीस काटे खाली आले. अभिप्रायाचे दोनशे अडतीस फॉर्म भरून आले (दोघे फोटो काढत होते) आणि प्रत्येकावर थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता: 'उत्तम, परंतु काहीतरी कमी आहे.'

अख्खा रोस्ट साहेबांचा ड्रायव्हर जालिंदर याच्या हवाली झाला. तो आष्टीकडचा, राहायला नजमा भागातल्या कामगारवस्तीत, एका खोलीत नऊ जण. रोस्ट खोलीत पोचला आणि शेजारच्या तीन खोल्यांच्या मदतीने अकरा मिनिटांत खलास झाला. जालिंदर स्वतः माळकरी, त्याने नुसतं वाढलं.

रविवारी ऑफिसच्या दारात जालिंदरने देवव्रतला वाकून नमस्कार केला. "साहेब, पोरं म्हनली, त्यात मिठाचा कनबी न्हवता. वरनं लावून खाल्लं समद्यांनी. मी मोठ्या साहेबास्नी गाडीत सांगितलं. तुमी न खाता वळखलं, लई मोठं मानूस."

साहेबांनी लगेच आत बोलावलं. जिभेला न लावता मीठ नाही हे ओळखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. देवव्रतने आता हात जोडले. आपण शाकाहारी आहोत, जन्मापासून, आणि मीठ आपल्याच नियमामुळे अडलं होतं, असं त्याने दोनदा सांगितलं. साहेबांनी त्याची फाइल उघडून त्याच्यासमोर सरकवली. सहा वर्षांचे सहा कामगिरी-अहवाल, प्रत्येकात 'बीफ: असामान्य जाण'. खाली सही देवव्रतची. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले की नम्रता चांगली, पण कागदपत्रांचाही काही मान असतो. त्याच दिवशी त्याला सगळ्या शाखांचा आहार-गुणवत्ता सल्लागार नेमलं गेलं.

देवव्रत घरी आला आणि सगळं सांगून सोफ्यावर बसला. निदान शब्द तरी पाळला, एवढंच त्याला समाधान होतं. नयनाने पाण्याचा ग्लास दिला, शेजारी बसली, आणि गार्गीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आता माझ्यापाशी तरी खरं सांग. सहा वर्षांत एकदाही नाही चाखलंस?"

तिला दोष देण्यात अर्थ नाही. वाचकहो, त्याने कधीच खाल्लं नाही हे आम्ही तुम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, मंचावरून त्याच्या तोंडून वदवलं, साहेबांपुढे हात जोडून पुन्हा सांगायला लावलं. तरीही, एखादा लहानसा तुकडा तरी त्याने चाखलाच असेल, असं तुम्हाला मघापासून वाटतंय. हरकत नाही. तुमचं मत नोंदवून घेतलं आहे आणि त्याच्या फाइलला जोडलं आहे.