क्रमांक चार हजार तीनशे बारा

वस्तुसंग्रहालयाच्या तिसऱ्या दालनाचा रक्षक दिवसाचे आठ तास उभा असे, आणि त्या आठही तासांत त्याच्या तळपायांखाली निखारे पसरलेले असत. ते कोणालाही दिसत नसत, हाच काय तो त्यांचा दोष.

"जखम वर्षापूर्वीच भरली," डॉक्टर म्हणाले, "पण नसांना तो निरोप पोहोचलेला नाही. त्या अजून तक्रारी धाडताहेत. गोळ्या घ्या, थोडं चाला, आणि दर अर्ध्या तासाने बसा."

निकाली निघालेल्या प्रकरणाचा असा पत्रव्यवहार रक्षकाला अपरिचित नव्हता. त्याने एका स्टुलासाठी यथाविधि अर्ज केला. अर्जात रकाना होता : 'वेदना प्रत्यक्ष कोणी पाहिली?' अर्जदार हितसंबंधी असल्याने त्याची स्वतःची साक्ष अग्राह्य होती. त्याने पत्नीपुढे कागद ठेवला.

"पांघरूण लागलं तरी पाय आखडून घेता, ते लिहू?"

"ते आखडणं झालं. त्यांना वेदना हवी आहे."

"मग घेऊन जा म्हणावं कायमची! परत आणून द्यायची तसदी घेऊ नका!"

समितीचे तिन्ही सदस्य गादीच्या खुर्च्यांत स्थानापन्न झाले. दोन तासांच्या विचारविनिमयानंतर अध्यक्ष उद्गारले, "अर्जदार एवढा वेळ विनातक्रार उभा आहे."

"साहेब, बसा असं कोणी म्हणालंच नाही."

"दिसायला तर ठणठणीत आहात!"

तथापि समिती दयाळू होती. स्टूल मंजूर झाले.

संग्रहालयात प्रवेशणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद व्हावी, असा तेथील प्राचीन दंडक. त्यानुसार दुपारपर्यंत स्टुलास क्रमांक पडला, सभोवती तांबडी दोरी आली आणि पाटी लागली : 'वेदनाग्रस्त रक्षकाचे आसन. स्पर्श करू नये.'

"अहो, हे माझं आहे," रक्षक म्हणाला.

"होतं, दादा," नोंदणी कारकून हळहळला. "आता बसलात तर तुम्हालाच पकडावं लागेल. आणि पकडणार कोण? या दालनाचे रक्षक तुम्हीच."

रक्षक स्टुलाशेजारी उभा राहिला.

प्रेक्षकांची रीघ लागली. एका बाईंनी पाटी वाचून डोळ्यांना पदर लावला. "किती सोसलं असेल हो बिचाऱ्याने!" मग त्या रक्षकाकडे वळल्या. "जरा बाजूला होता का? स्टूल नीट दिसत नाही."

रक्षक निखाऱ्यांवरून दोन पावले सरकला.

वाचकहो, आपणही येथवर एखादा उसासा टाकलाच असेल. तो बसून टाकलात, एवढीच नोंद करायची राहिली आहे.