अपेक्षित मृतांची यादी

माझे वडील वारले हे सिद्ध करण्याची गरज मला पडली ती रुग्णालयाच्या फोनमुळे. रोज सकाळी आठ वाजता एक ध्वनिमुद्रित आवाज वडिलांना नावानिशी विचारतो, रक्तदाबाची गोळी घेतली का? घेतली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन. माणूस वारला असल्यास काय दाबावे, याची सोय नाही. मृत्यूचा दाखला आणून दिलात की फोन बंद होईल, असे मला सांगण्यात आले.

नोंदणी कार्यालयात चार खिडक्या होत्या, पैकी तीन बंद. चौथीत एक कारकून चष्मा कपाळावर चढवून, दूध वर येण्याची वाट पाहावी तसे संगणकाकडे पाहत होते.

"जुना झालाय, ताई. एक दाखला निघेपर्यंत दुपार होते, तुमचा नंबर महिन्याभराने लागेल. पुढच्या तिमाहीत नव्या पिढीचा प्रोसेसर येतोय. चाळीसपट वेगवान असेल अशी अपेक्षा आहे."

"तोवर आत्ता मिळतोय तो घ्या ना."

"नवा आला की आत्ताच्याची किंमत उतरणार. मग चढ्या भावात का घेतला म्हणून मलाच धरतील."

"निदान हा दुरुस्त तरी करा."

"जाणाऱ्यावर खर्च करायचा नाही, असं परिपत्रक आहे."

रुग्णालयातही मी हे वाक्य ऐकले होते. तिथे ते जरा हळू आवाजात सांगितले होते.

चाळीसपट वेग येणार म्हणून बाकीच्या तीन कारकुनांची बदली आधीच झाली होती. भिंतीवर नवा फलक होता: 'दाखला तीन मिनिटांत'. मी त्याकडे बोट दाखवले.

"ती अपेक्षित कामगिरी आहे," ते म्हणाले. "घड्याळ लावून बघू नका."

महिन्याभराने गेले तेव्हा जुना संगणक पुरता बंद पडला होता आणि नव्या प्रोसेसरच्या किमतीची बातमी फुटली होती. अंदाजापेक्षा दीडपट. खरेदी समितीने फाईल परत पाठवली होती.

"काय म्हणणं आहे त्यांचं?"

"आपल्याकडे आठवड्याला अकरा माणसं जातात. एवढ्यासाठी एवढा महाग प्रोसेसर कशाला, म्हणतात. कामाचा भार दाखवा." त्यांनी आवाज खाली आणला. "आता माणसं काही माझ्या हातात नाहीत. म्हणून पुढच्या पाच वर्षांचे अपेक्षित मृत्यू दाखवतोय. तेही नाव आणि तारखेसकट, मोघम आकडे समितीला चालत नाहीत."

टेबलावर हाताने आखलेल्या कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. मी त्यात वडिलांचे नाव शोधले. नव्हते.

"ते आधीच गेलेत ना. झालेला मृत्यू अपेक्षित कसा धरणार? पण यादीत नसलेल्या माणसाचा दाखला नवीन यंत्रातून निघणार नाही." त्यांनी पेनाचे टोपण काढले. "बसवू आपण कुठंतरी. तुम्हाला घाई आहे, पुढच्या महिन्यातली तारीख टाकू?"

दोन महिने मी रुग्णालयापासून इथवर प्रत्येक खिडकीशी वडील गेल्याची एकच तारीख पाठ म्हणत होते. वार आणि वेळेसकट. आता त्यांचे पेन कागदावर टेकले होते आणि त्या ओळीत तारखेची जागा कोरी होती.

"सगळ्यात लांबची कुठली आहे?" मी विचारले.

कारकुनांनी चष्मा प्रथमच डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "पाचव्या वर्षाच्या डिसेंबरातली. पण तोवर दाखला मिळायचा नाही. तो फोन येतच राहील."

"येऊ दे."

त्यांनी वडिलांचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. "आलेला प्रत्येक जण लांबचीच मागतो. ही तर शेवटचीच होती."

"मग जवळच्या तारखा कुणाला देता?"

"चौकशीला न येणाऱ्यांना," ते पान उलटत म्हणाले. "घरी बसून असलं काहीतरी वाचत हसत असतात ना, त्यांना."