कोपरच्या भोईरांना न तोडण्याबाबत

माणूस अखंड असतो. ओळ मात्र कुठेतरी संपते.

सव्वा किलो हळद.
कोपरला दर शुक्रवारी वीज नाही.
मांडवाचे बांबू अजून ठरायचेत.
दामाजी धाकू भोई-
र.

हा ‘र’ १९९४च्या एप्रिलात, डोंबिवलीतल्या एका डीटीपी सेंटरात, लग्नपत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर खालच्या ओळीत गेला. प्रत घरी आली आणि नवरीचे थोरले काका दामाजी घराबाहेर गेले.

“माजा नाव तोरला! या लग्नाला मी येनार नाय!”

थोरला काका नाही तर हळद नाही, हळद नाही तर लग्न नाही. लग्नाला अकरा दिवस होते.

यात संगणकाचा दोष नव्हता. त्याला मराठी हे इंग्रजीच वाटे (असा गैरसमज डोंबिवलीत तेव्हा एकट्या त्याचाच होता असं नाही). ओळीच्या टोकाला शब्द मावेना की तोडायचा, आडवी रेघ द्यायची, उरलेला खाली ढकलायचा, असं त्याचं शिक्षण. भोईरांच्या घरातलं शिक्षण वेगळं होतं.

नवरीचा बाप शिवराम नवरीला घेऊन सेंटरात पोचला. सेंटरच्या चालक प्रमोदिनीबाईंनी शब्दतोड बंद केली. आता कुणीही तुटेना. मात्र ओळ भरायची म्हणून संगणकाने शब्दांच्या मध्ये जागा सोडली.

दामाजी               धाकू               भोईर

“बाई, या मोकल्या जागंत कोन बसनार?” शिवराम म्हणाला. “लोक म्हनतील, भावकीत फूट परली.”

मग संमतीने तोडण्याचं धोरण आखण्यात आलं. बाईंनी अर्ज टाइप केला : ‘माझे नाव ...... या अक्षरानंतर तोडण्यास माझी हरकत नाही.’ त्रेचाळीस निमंत्रकांपैकी एकेचाळीस जणांनी हरकत घेतली. उरलेले दोघे कैलासवासी होते. त्यांचं मौन ही संमती धरावी, असं बाईंचं मत पडलं. त्यांच्या मुलांनी मत पाडलं.

“ताई, मी काय म्हणते—” नवरी म्हणाली.

“अगो थांब, मोठ्यांची नावं चाललीत,” बाई म्हणाल्या.

अक्षर बारीक करून पाहिलं. आत्या आवडाबाईंनी पत्रिका अंगापासून हातभर लांब धरली. “माजा नाव बारीक कशाला? मी काय बारीक हाय?” बारीक त्या नव्हत्या. अक्षर पुन्हा मोठं करण्यात आलं.

अखेर तोडगा निघाला आणि तो इतका सोपा होता की सेंटरात टाळ्या वाजल्या : प्रत्येकाला स्वतंत्र ओळ! कुणी तुटणार नाही, कुणी ताणला जाणार नाही. पत्रिकेत मावत होत्या सेहेचाळीस ओळी. त्रेचाळीस निमंत्रक, शिवाय मुहूर्त, स्थळ आणि जेवणाची वेळ.

एक ओळ जास्त होत होती. (गणपती आधीच समासात सरकले होते, त्यांनी तक्रार केली नाही.) या जादा ओळीबद्दलही आजवर कुणाची तक्रार आलेली नव्हती. ज्या ओळीवरून कुणी रुसलं नाही, तिच्यात कुणाचा जीव अडकलेला नसणार. ती काढली.

“अहो, एकदा वाचून तरी बघा!” नवरी ओरडली.

सगळ्यांनी वाचलं. प्रत्येकाने आपापली ओळ वाचली. बरोबर होती.

दामाजींनी आपल्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. “आता मी आख्खा हाय. वाटा हळद!”

सातशे पत्रिका गेल्या. बाराशे माणसं जेवली. पत्रिकेत काय राहिलं, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. सगळे मुहूर्त बघून आले होते आणि जेवणाची वेळ बघून वेळेवर आले होते. आपणही इथवर आलात. काकांचं नाव आपल्याला पाठ आहे, आत्यांचा बांधाही ठाऊक आहे.

नवरीचं नाव सगुणा, नवऱ्याचं भगवान.