सिरिलबाबांच्या बाकाची हकिकत

श्री चौकोनमुखी प्रसन्न. जिचे तोंड काचेचे आणि पाठ तारांची, जी घरोघरी भिंतीस टेकून अष्टौप्रहर बोलते परंतु कोणाचे ऐकत नाही, त्या प्रकाशदेवतेस वंदन करून ही हकिकत लिहिली असे. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, कार्तिक मासी, विलायतेच्या पश्चिम किनारी, जेथे धुके सकाळी समुद्रातून निघून गावात येते आणि आपले काम उरकून मध्यरात्री माघारी जाते, ऐशा एका गावी हे वर्तमान घडले. गावाचे नाव विचारू नये. धुक्यात पाटी दिसली नाही.

ते समयी राज्याचा खरा कारभार राजधानीतील छायाकचेरीत चाले. छायाकचेरी म्हणजे सिनेमे आणि दूरचित्रवाणीच्या मालिका करणारांची कचेरी. तेथील थोर मंडळींनी मुलखातील तेरा ते एकोणीस वर्षांच्या तमाम रयतेचा विचार करून तिचे तीनच प्रकार ठरविले होते. एक कुंचीवाले, म्हणजे डोईवर जाकिटाची कुंची ओढून बसथांब्याखाली उभे राहणारे, ज्यांचे खिशात सुरी असे आणि तोंडात अर्धेच वाक्य असे. दुसरे टायवाले, ते राजवाड्यासारख्या शाळेत राहत आणि न्याहारीचे वेळीही ऐसे बोलत की प्रत्येकाचे दोन घटस्फोट होऊन चुकले असावे. आणि तिसऱ्या रडणाऱ्या मुली, त्या शाळेच्या बोळात रडत आणि दुसऱ्या भागापावेतो गरोदर राहत. चौथा प्रकार दप्तरी नव्हता. आणि या सोंगांस खरी पोरे चालत नसत, कारण ती पोरांसारखी दिसत नाहीत ऐसे थोरांचे मत पडले, सबब तिशीस टेकलेले नट दाढी घोटघोटून पंधरा वर्षांचे होत आणि लोक घरी बसून म्हणत, काय हुबेहूब!

गावी बेथन नामे पंधरा वर्षांची मुलगी होती, ती कोणत्याच प्रकारात बसत नव्हती. तिजपाशी कुंचीचे जाकीट होते, परंतु ते थंडीसाठी होते. तिचे मातामह सिरिलबाबा यांणी गावात चाळीस वर्षे टपाल वाटिले, आणि त्या पायपिटीत त्यांचे डोक्यातून माणसांची नावे गळून गेली व घरांचे आकडे तेवढे राहिले. शाळा सुटली की बाबा नोराबाईच्या दुकानापुढील बाकावर नातीस घेऊन बसत आणि कागदाच्या पुड्यातील गरम चिप्स व्हिनेगर शिंपडून खात खात म्हणत, "ते पाहा, नऊ नंबर चालले, गुडघा अजून दुखतो वाटते," आणि नातीस हाक मारीत तीही "सत्तावीस" अशीच, आणि त्या आकड्यात जी माया होती ती पुढे कोणी नाव घेऊन हाक मारली तरी बेथनला सापडली नाही. मग बाबा वारले, आणि त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे गावाने बाकास पितळी पट्टी ठोकिली, तीवर लिहिले, "सिरिल, टपालवाले. यांस येथे बसावयास आवडे. आपणही बसावे." बेथन रोज चार वाजता तेथे बसू लागली. दुसरीकडे कोठे तिला बाबांचा आवाज आठवत नसे.

इकडे नोराबाई दर गुरुवारी सायंकाळी कुंचीवाल्यांची मालिका पाहत असत. बाई स्वभावे वाईट नव्हत्या, एकट्या होत्या. एका शुक्रवारी दुकानापुढे चार पोरे भूमितीच्या गृहपाठावरून भांडत उभी राहिली, त्यांत एकाचे हाती कर्कटक होते, ते बाईंस सुरीच वाटले. मग बाईंनी शहरातून एक करडी पेटी आणविली आणि बाकाच्या बरोबर वर भिंतीस लाविली. तिला लोक डासपेटी म्हणत. तीतून ऐसा बारीक नाद निघे की पंचविशीच्या आतल्या कानांसच ऐकू यावा आणि त्यापुढील कानांस काहीच न यावे. दुसरे दिवशी बेथन बाकावर बसली तो कानात सुई गेल्यासारखे जाहले, आणि ती उठून मागे सरली, आणि अकरा पावलांवर नाद संपला. तिथून पट्टीवरील अक्षरे दिसत नव्हती.

तिने आत जाऊन म्हटले, "नोरामावशी, ही पेटी काढा हो. मला बाबांपाशी बसता येत नाही."

"अगं, ती तुझ्यासाठी नाही लावली," नोराबाई म्हणाल्या. "तुझ्यासारख्यांसाठी लावली."

"माझ्यासारखी या गावात मीच आहे."

"तेच तर म्हणते, तुला नाही लावली. आणि मला तर काही ऐकू येत नाही बाई."

तेव्हापासून ती अकरा पावलांवर उभी राहू लागली. धुके येई, बाक त्यात बुडे, आणि तिला वाटे, बाबा तेथे बसले आहेत आणि आपण दुसऱ्या तीरावर आहो, आणि मध्ये नाव चालत नाही.

अशात मार्गशीर्षी छायाकचेरीची स्वारी त्याच गावी आली. सोळा गाड्या, दिवे, छत्र्या, चहाची स्वतंत्र गाडी, ऐसा सरंजाम. दिग्दर्शक क्रिस्पिनसाहेब, वय बावन्न, पायात पोरांचे बूट. यांस नव्या मालिकेसाठी खराखुरा उदास बाक पाहिजे होता, तो त्यांस सिरिलबाबांचा बाक पसंत पडला. आणि हल्ली काम अस्सल दिसावे म्हणून एखादे खरे पोर सल्ल्यास ठेवावे, ऐसा कचेरीचा नवा नियम होता, सबब साहेबांनी आसपास पाहिले तो अकरा पावलांवर बेथन उभी.

साहेब म्हणाले, "मुली, पंधरा वर्षांची माणसे कशी असतात, हे आमचे नटांस सांगशील काय?"

बेथन म्हणाली, "सांगेन. मात्र ती पेटी बंद करवा. आता, आणि पुढेही."

साहेबांनी नोराबाईंस विचारिले. बाई म्हणाल्या, "बंद केली तर खरी पोरे येऊन उभी राहतील, मग तुमच्या पोरांचे काम कसे होणार?" हे साहेबांस तात्काळ पटले. पोरांची गोष्ट निर्वेध चालावी तर पोरे दूर पाहिजेत. साहेब बेथनला म्हणाले, "काम संपू दे, मग पाहू." आणि मुलीने ते वचन समजून मनात ठेविले.

मुख्य सोंग लॉइड नामे नटाकडे होते. वय एकोणतीस, पदरी जुळ्या मुली, अकरा वर्षे पंधराव्या वर्षातच नोकरी. तो बाकावर जाऊन खुशाल बसला. त्याचे तीन सोबती बसले. कोणाचीही भुवई हलली नाही. बेथनने खडूने जमिनीवर रेघ ओढिली, जेथे नाद सुरू होई तेथे, आणि रेघेअलीकडून ओरडून सल्ला देऊ लागली. साहेब हळूच म्हणाले, "पाहिले? जवळ येत नाही. उर्मट आहे. अगदी अस्सल."

लॉइडने तिकडून विचारिले, "इथे बसून मी काय करू?"

"काही नाही. चिप्स खा."

"आणि सुरी केव्हा काढू?"

"कशाला?"

"पंधराव्या वर्षी काढतात ना? माझ्या कागदात लिहिले आहे."

"मी तर कंपासपेटी काढते. आणि तीतला कोनमापक दरवेळी हरवलेला असतो." हे ऐकून लॉइड खळखळून हसला, आणि साहेब म्हणाले, "कोनमापक नको. लोकांस कळणार नाही."

चहाचे वेळी लॉइड रेघेपाशी आला आणि विचारू लागला की खरेच काही वाजते काय. बेथन म्हणाली, "कोणी तरी तुमच्या नावावर पेन्सिलीने काट मारतो आहे आणि थांबतच नाही, तसे." लॉइडने त्या करड्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाला, "माझ्या गावीही होती. मला ऐकू येई, राग येई. मग एके दिवशी गेलो तो वाजेना. मला वाटले, लोक सुधारले." आणि त्याने डोळे मिटून कान दिले, जसे कोणी लहानपणीच्या घराचे दार ठोठावून उभे राहावे, परंतु आतून कोणी आले नाही.

नादनवीस मॉरिस, म्हणजे आवाज टिपणारे वृद्ध गृहस्थ, यांचे कान गेले होते परंतु यंत्राचा काटा शाबूत होता. ते साहेबांस म्हणाले, "फार उंच असा एक सूर सारखा लागतो आहे. पोरगी खरे बोलते."

"तुम्हांस ऐकू येतो?"

"नाही."

"मला?"

"नसावा."

"मग राहू द्या," साहेब म्हणाले. आणि तो सूर चित्रात जसाच्या तसा राहिला. काम संपले, सोळा गाड्या निघाल्या, आणि पेटीविषयी साहेबांस कोणी आठवण दिली तेव्हा ते पुढल्या गावी पोचले होते.

माघ मासी एका गुरुवारी, सायंकाळी सात वाजता, मालिका अवघ्या मुलखात एकदम दाखविली. बेथन आईशेजारी बसली होती. बाकाचा प्रसंग आला आणि तोच नाद काचेतून निघाला, आणि ती दोन्ही कान झाकून उठली. आई म्हणाली, "अगं, तू सांगितलेले दाखवतायत आणि तू उठून कुठे चाललीस?" ती बाहेर आली. तो गल्लीतील सारी दारे उघडत होती, आणि प्रत्येक दारातून एकेक पोर कानावर हात ठेवून धुक्यात येत होते. एक मुलगी तोंडात दात घासण्याचा ब्रश धरून आली, एक मुलगा काखेत सनई धरून, एकजण फक्त मोज्यांवर. आणि तेच त्या घडीस मुलखातील गावोगाव चालले होते. पोरे दिव्यांखाली उभी राहून एकमेकांकडे पाहत होती, आणि धुक्यात दिव्यांभोवती पिवळी वर्तुळे तरंगत होती, आणि बेथनला वाटले, हा चौथा प्रकार. हा दप्तरी नाही, आणि हा इतका मोठा आहे की राज्य त्यापुढे लहान पडेल. सतरा मिनिटे ऐशी गेली. मग बाकाचा प्रसंग संपला आणि सर्व आपापले घरी परतली.

परंतु त्या सतरा मिनिटांत वडील मंडळींनी पडदे सारून पाहिले होते. त्यांस दिसले ते इतकेच की काचेत कुंचीवाले उभे, आणि खिडकीबाहेरही तसेच उभे. मालिकेने सत्य किती निर्भयपणे दाखविले म्हणून तिला तीन मानाची पदके मिळाली, आणि त्याच महिन्यात राज्यात कित्येक शेकडो नव्या डासपेट्या लागल्या.

मग वर्षे गेली. खडूची रेघ पहिल्याच पावसात धुऊन गेली, परंतु बेथनच्या पायांस ती ठाऊक होती. ती दूर शहरी शिकली, तेथेच नोकरीस लागली, आणि दर सुट्टीस गावी येऊन अकरा पावलांवर उभी राहून परत जाई. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पुन्हा कार्तिक मास, वय पंचवीस, हाती चिप्सचा पुडा, ऐशी ती आली. रेघेपाशी पाय आपोआप थांबले. काही वाजेना. एक पाऊल टाकले, मग दुसरे, मग अकराही, आणि ती बाकावर बसली, आणि पितळेवर बोट फिरविले, आणि दहा वर्षांनी तिला बाबांचा आवाज आठवला, व्हिनेगरसुद्धा. तिला वाटले, लोक सुधारले.

मग तिने मान वर केली. पेटी होती तेथेच होती, तीवरील तांबडा दिवा लागलेला होता. आणि समोर, बरोबर अकरा पावलांवर, शाळेचे दप्तर घेतलेली एक मुलगी एका कानावर हात धरून उभी होती.

बेथन बाकावर चढली आणि पेटीची तार उपटली. आतून नोराबाई, आता फार थकलेल्या, ओरडल्या, "कोण आहे गं? काय करतेस?"

"मी बेथन, मावशी. जळमटे काढते आहे."

"गुणाची गं तू. नाही तर आजकालची पोरे!"

समोरच्या मुलीने कानावरचा हात हळूहळू खाली आणिला, आणि धुक्यात मान कलती करून काही वेळ नुसती शांतता ऐकत राहिली.

बेथनने विचारिले, "किती नंबर?"

"काय?"

"घर तुझे. किती नंबर?"

"एक्केचाळीस."

"मी सत्तावीस," बेथन म्हणाली, आणि पुडा उघडून बाकावर सरकून जागा केली. "ये, बस, एक्केचाळीस. गार होतील."

तात्पर्य इतकेच की छायाकचेरीच्या दप्तरी आजमितीस प्रकार तीनच आहेत, आणि त्या बाकावर दोघी बसल्या होत्या. पाहिले तैसे लिहिले. ज्यांचे कान तरुण असतील त्यांणी खरेखोटे करावे.